वाचक विचारतात : टाळेबंदीत गल्लीची बातमी, गल्लीची मदत

पुढची साथ आली तर आपल्या इमारतीने, गल्लीने काय करायचं हे आत्ताच कागदावर उतरवून ठेवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांनी २०२० आणि २१ मध्ये, कोविडच्या साथीत, काय फसलं तेच विचारलंय. आम्हाला हे आवडलं, कारण कुठे फसलं ते नेमकं कळलं की निम्मं काम झालेलं असतं.

प्रश्न : आमच्या गटात तेव्हा दिवसाला दोन-तीनशे निरोप यायचे. पाणी कधी येणार हे त्यात कुठेतरी असायचं, पण सापडायचं नाही. यावर उपाय काय?

गट दोन करा. एक फक्त सूचनांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' अशी सोय आहे, ती चालू करा आणि अ‍ॅडमिन तिघांपेक्षा जास्त नेमू नका. दुसरा गट गप्पांचा. तो बंद करायचा मोह होतो, पण करू नका. घरात कोंडलेली माणसं बोलणारच. जागा दिली नाही तर तीच गर्दी अ‍ॅडमिनच्या फोनवर होते.

सूचना दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. समजा सकाळी ९ आणि संध्याकाळी ७. सांगण्यासारखं काही नसेल तरी 'आज नवीन काही नाही' एवढं टाकाच. ठरलेली वेळ कोरडी गेली की 'काहीतरी लपवतायत' ही कुजबुज सुरू होते. सूचनेचा साचा कायम एकच ठेवा:

सूचना ३१. पाणी : उद्या, मंगळवारी, सकाळी ६ ते ७.३०. संध्याकाळी येणार नाही. कोणी सांगितलं : पाणीपुरवठा कार्यालय, फोनवर. खात्री केली : सोमवार, संध्याकाळी ५.४०.

यातली 'संध्याकाळी येणार नाही' ही ओळ लोक गाळतात आणि मग 'संध्याकाळचं काय?' असे तीस फोन येतात. 'उद्या' एकट्याने कधीच लिहायचं नाही, सोबत वार हवाच. कारण निरोप पुढे सरकत राहतो आणि बुधवारी वाचणाऱ्याचा 'उद्या' वेगळा असतो. क्रमांक चुकीच्या दुरुस्तीसाठी. चूक झाली तर जुना निरोप पुसू नका. 'सूचना ३१ रद्द, ३२ वाचा' असं लिहा. पुसलेला निरोप ज्याने आधीच वाचला किंवा कागदावर उतरवला, त्याच्या लेखी तो अजून खराच असतो.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी हाच मजकूर जिन्याच्या तोंडाशी कागदावर. अक्षर हातभरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं, तारीख सगळ्यात वर. नवा लावताना जुना काढा. शेजारी शेजारी लावलेले चार कागद म्हणजे पुन्हा तोच तीनशे निरोपांचा गट.

प्रश्न : फोनची साखळी केली होती, एकाने पुढच्या तिघांना सांगायचं अशी. दोन आठवड्यांत मोडली. का?

साखळीत एकाने फोन उचलला नाही की त्याच्या खालचे सगळे तुटतात, आणि वरच्याला ते कळतही नाही. त्याला दोन उपाय आहेत. पहिला : दहा मिनिटांच्या अंतराने दोन फोन करून उचलला नाही, तर फोन करणाऱ्याने त्याच्या खालच्यांना स्वतः गाठायचं. म्हणजे प्रत्येकाकडे आपल्या खालची एक नाही, दोन पातळ्यांची यादी हवी. दुसरा : साखळीतल्या शेवटच्या माणसाने पहिल्याला उलट फोन करायचा. तो आला नाही, तर निरोप वाटेत अडकलाय.

खरं तर आमचं मत साखळीपेक्षा वाटणीकडे झुकतं. एका स्वयंसेवकाकडे आठ ते दहा घरं, रोज किंवा दिवसाआड एक फेरी. दहापेक्षा जास्त घरं दिली की चौथ्या दिवसापासून फोन आखडते होतात.

आणि फेरी कोणाची करायची हे विसरू नका. जे सारखे फोन करून मागतात ते आपलं पाहून घेतात. वहीत प्रत्येक घरासमोर 'शेवटचं बोलणं कधी झालं' असा रकाना ठेवा आणि रोज सकाळी ज्याची तारीख सगळ्यात जुनी, तिथून सुरुवात करा.

प्रश्न : पण आमच्याकडे विचारलं की सगळे 'काही नको, सगळं ठीक आहे' म्हणायचे. नंतर कळलं, एका आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सहा दिवसांपासून संपल्या होत्या.

'काही हवंय का?' या प्रश्नाचं उत्तर 'नको' हेच असतं. एकतर संकोच, त्यातून मागणं म्हणजे उपकार घेणं वाटतं. हवंय का ते विचारूच नका, मोजायला सांगा. 'आजोबा, गोळ्यांची पट्टी हातात घेता का? किती उरल्यात?' मग माणूस उठतो, पट्टी आणतो, मोजतो, आणि 'अगं बाई, तीनच आहेत' असं पलीकडून आजींचं ऐकू येतं. तसंच : घरातलं इंधन किती दिवस पुरेल, शेवटचं घराबाहेरच्या कोणाशी कधी बोललात, काल रात्री झोप किती वाजता लागली. ही चार विचारली की फेरी पुरी.

औषधांचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथे होतात. नोंद गोळीच्या रंगावरून किंवा 'ती सकाळची' अशी घेऊ नका. पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागा. फोटो जमत नसेल तर अक्षरं एकेक करून वाचून घ्या आणि परत वाचून दाखवा. नावाइतकाच त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. थायरॉइडची गोळी २५, ५०, १०० मायक्रोग्रॅम अशी येते. नाव तेच, डबी जवळपास तीच. नावामागे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर तीही उतरवा. ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी असते. तिच्या जागी साधी आणली तर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. दुकानदाराने पट्टी कापून दिली तर नाव आणि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर जाते. तुकडा घेतलाच तर मूळ पट्टीचा फोटो तिथेच काढा.

मागणी कधी नोंदवायची? सात दिवसांचा साठा उरला की. टाळेबंदीत दुकानात माल नसतो, दुसरीकडे शोधावा लागतो, आणि डॉक्टरांना पर्याय विचारायला एक-दोन दिवस जातात. शेजाऱ्याकडे 'तसलीच' गोळी आहे म्हणून उसनी देणं-घेणं मात्र बंद.

इन्सुलिन असेल तर न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. ते एकदा गोठलं की वाया गेलं. वितळल्यावर दिसायला नीट दिसलं तरी वापरायचं नाही. आणताना बर्फाची पिशवी कापडात गुंडाळा, बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नका. फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला खेटून नको. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालते, पण सोबतचं पत्रक पाहा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटवा.

प्रश्न : सामान आणून देणाऱ्या मुलांच्या हिशेबावरून वाद झाले. प्रामाणिकपणावर शंका नव्हती, पण आकडे जुळेनात.

अशा वेळी आकडे जुळत नाहीत ते सुट्ट्या पैशांमुळे आणि आगाऊ घेतलेल्या रकमेमुळे. आगाऊ पैसे घेऊच नका. मंडळाच्या छोट्या फिरत्या रकमेतून खरेदी करा, सामान दिल्यावर बिलाएवढेच पैसे घ्या. प्रत्येक घराचं बिल वेगळं करायला लावा. तीन घरांचं एकत्र बिल घरी येऊन फोडताना हमखास चुकतं. बिल सामानाशेजारी ठेवून एक फोटो, तो त्या घराला पाठवायचा आणि मगच निघायचं. ज्या घरी मोड नसेल तिथे 'राहू द्या' म्हणू नका, वहीत बाकी लिहा. रोज रात्री दोघांनी मिळून रोख मोजायची आणि दोघांनी सही करायची. एकाच माणसाकडे खरेदी, रोख आणि वही तिन्ही नकोत.

फसवणुकीचं एक कलम सूचनांच्या गटात आठवड्यातून एकदा टाका : आपल्याला पैसे येणार असतील तर पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. मदतनिधीच्या नावाने पिन मागणारा माणूस पैसे द्यायला आलेला नसतो.

प्रश्न : तेव्हा आम्ही प्रत्येक पिशवी, प्रत्येक डबा फवारत होतो. ते गरजेचं होतं का? आणि जंतुनाशक पाण्याचं प्रमाण काय?

मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेतले आकडे आले होते : कोविडचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडतो. त्यावरून सगळं जग पिशव्या पुसायला लागलं. पण सापडणं वेगळं, लागण होणं वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहून कमी आहे. कोविड मुख्यतः श्वासातून, कोंदट हवेतून पसरत होता. पिशवी पुसण्यात गेलेला अर्धा तास खिडकी उघडण्यात आणि साबणाने हात धुण्यात जास्त कारणी लागला असता. पुढची साथ दुसऱ्या कसल्या जंतूची असेल तर हा हिशेब बदलू शकतो, म्हणून प्रमाण माहीत असावं.

बाजारातल्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के आहे ते आधी लेबलवर वाचा. दाराची कडी, कठडा, लिफ्टचं बटण यासाठी ०.१ टक्का द्रावण लागतं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर २० मिलिलिटर ब्लीच आणि ९८० मिलिलिटर पाणी. ४ टक्क्यांची असेल तर २५ मिलिलिटर, १० टक्क्यांची असेल तर १० मिलिलिटर, आणि पाणी घालून एक लिटर भरायचं. 'एक झाकण' हे माप नाही. झाकणं वेगवेगळी असतात.

आधी साबणपाण्याने पुसा. मळ तसाच राहिला तर क्लोरीन त्याच्याशीच लढण्यात संपतं. मग द्रावणात भिजवलेल्या कापडाने पुसा, निदान एक मिनिट ओलं राहू द्या, धातू असेल तर नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंजतो. द्रावण रोज नवं, गार पाण्यात, खिडक्या उघड्या ठेवून. उन्हात ठेवलेलं किंवा पारदर्शक बाटलीत पडून राहिलेलं ब्लीच कमजोर होतं. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद मोरीत तर तो माणसाला उठूही देत नाही. माणसांच्या अंगावर फवारायचंही नाही. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते कोणत्याही परिस्थितीत करू नये असं स्पष्ट सांगितलं होतं.

प्रश्न : इमारतीने मिळून एक ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) घेतला होता. एकाच माणसाला एकदा ९७, एकदा ८९ दाखवायचा. यंत्र बिघडलं होतं का?

यंत्रापेक्षा बोटाचा दोष असण्याची शक्यता जास्त. बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात हलत असेल, वर थेट ऊन किंवा प्रखर दिवा असेल तर आकडा भरकटतो. पाच मिनिटं स्वस्थ बसा, हात चोळून गरम करा, तो छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा, तर्जनी किंवा मधलं बोट आत पूर्ण सरकवा. लावल्या लावल्या दिसणारा आकडा लिहू नका. नाडीची पट्टी एकसारखी उडायला लागून आकडा पाच-दहा सेकंद स्थिर झाला की तोच लिहायचा. त्याला कधी मिनिटभर लागतं. दिवसातून तीनदा, त्याच वेळी, त्याच बोटावर. सोबत नाडीचा आकडा आणि वेळ.

कोविडमध्ये साधारणपणे अशी रेघ पाळली जाई : ९५ किंवा वर असेल तर ठीक, पुन्हा मोजूनही ९३-९४ येत असेल तर डॉक्टरांना फोन, ९२ किंवा खाली असेल तर वाट न पाहता रुग्णालय. दम्यासारखा जुना फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांची रेघ त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायची. 'मला तर काही होत नाहीये' यावर मात्र विसंबू नका. या आजारात ऑक्सिजन बराच उतरला तरी धाप लागत नाही असं अनेकांच्या बाबतीत झालं. आणखी एक गोष्ट, जी आपल्यासाठी महत्त्वाची : सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, तसा इशारा दिला होता. म्हणून एका आकड्यापेक्षा उतार पाहा. काल सकाळी ९८, रात्री ९६, आज ९४ हे क्षणभर दिसलेल्या ९३ पेक्षा जास्त काळजीचं.

एका घरातून दुसऱ्या घरात देताना आतलं रबर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. वापर नसेल तर सेल काढून ठेवा.

प्रश्न : 'आतल्या माणसाने सांगितलंय' अशी ध्वनिफीत आली की सगळी गल्ली हादरते. खोटं कसं ओळखायचं?

ध्वनिफितीत तीन गोष्टी शोधा : तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव. तिन्ही नसतील तर ती पुढे जाणार नाही, एवढा एकच नियम करा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपावर दुहेरी बाण दिसला तर तो किमान पाच हातांतून सरकत आलेला आहे. आदेशाचा फोटो असेल तर क्रमांक आणि तारीख पाहा. मागच्या टाळेबंदीचा खराखुरा आदेश तारखेचा कोपरा कापून फिरवणं ही सगळ्यात चालणारी युक्ती, कारण शिक्का, सही सगळं अस्सलच असतं.

हे किरकोळ वाटू नये. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ५जी मुळे रोग पसरतो म्हणून मोबाइलचे मनोरे जाळले गेले, आणि इराणमध्ये दारूने विषाणू मरतो या समजुतीने मिथेनॉल पिऊन शेकडो लोक मेले.

दुरुस्ती करताना अफवा ठळक अक्षरात पुन्हा छापू नका. 'उद्यापासून दुकानं बंद ही अफवा आहे' असं लिहिलं की घाईत वाचणाऱ्याला 'दुकानं बंद' एवढंच दिसतं. 'दुकानं उद्या, बुधवारी, नेहमीच्या वेळी उघडी. वेगळं ऐकलं असेल तर ते खरं नाही' असं लिहा.

प्रश्न : विलगीकरणातल्या घरांची नावं फलकावर लावावीत असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे.

लावू नका. नावं लागली की पुढचा माणूस ताप लपवतो. त्या घराचं काम पाहणाऱ्या दोघांना माहीत असलं की पुरे. दाराबाहेर एक स्टूल, सामान त्यावर, घंटा वाजवून दोन मीटर मागे, आणि दार उघडेपर्यंत तिथेच थांबायचं. ठेवून निघून गेलेल्याला आतला माणूस उठू शकला की नाही ते कळत नाही.

प्रश्न : फेरीच्या फोनवर एका बाईंचा आवाज दबलेला वाटायचा. नवरा शेजारीच बसलेला असायचा. अशा वेळी स्वयंसेवकाने काय करावं?

टाळेबंदीत घरातली मारहाण वाढते. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने तिला साथीची सावली म्हटलं होतं. तुम्ही प्रश्न असे विचारा की तिला हो किंवा नाही एवढंच बोलावं लागेल. 'आत्ता मोकळेपणी बोलता येतंय का? नाही? बरं. उद्या अकराला करू? लगेच कोणाला पाठवू?' फोनचं कारण पलीकडच्याला साधं वाटलं पाहिजे, म्हणून सगळ्याच घरांना सारख्याच वेळी फोन जातात हे आधीपासून माहीत असू द्या. शक्य झालं तर एखादा खुणेचा शब्द ठरवा. मार्च २०२० मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर औषधाच्या दुकानात 'मास्क १९' मागितला की दुकानदाराने पोलिसांना कळवायचं, अशी सोय केली होती. तुमचा शब्द याहून साधा असला तरी चालेल, 'ते पुस्तक परत हवंय' सारखा.

लिहून निरोप पाठवू नका, फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. चार जण जाऊन नवऱ्याला समजावणं हेही नको. तुम्ही समजावून परत येता, दार लागतं, आणि त्याचं उत्तर तिला द्यावं लागतं. मारहाणीचा आवाज येत असेल तर थेट पोलीस. बाकी वेळी तारीख, वेळ, काय ऐकलं एवढं टिपून ठेवा आणि महिला मदतवाहिनीचा क्रमांक तोंडी सांगा. ही नोंद सार्वजनिक वहीत नाही, एकाच माणसाकडे.

प्रश्न : टाळेबंदी उठल्यावर या सगळ्या याद्यांचं काय करायचं?

त्यात लोकांचे आजार, फोन क्रमांक, कोण एकटं राहतं हे सगळं आहे. चोराला याहून चांगला कागद मिळणार नाही. शेवटची बाकी मिटल्यावर महिन्याभरात आजारांच्या आणि फोनच्या याद्या फाडा, फोनमधले पट्ट्यांचे आणि चिठ्ठ्यांचे फोटो स्वयंसेवकांसमोरच पुसायला लावा, सूचनांचा गट बंद करा. पैशांची वही मात्र ठेवा, सह्यांसकट. आणि फोनच्या फेऱ्या एकदम थांबवू नका. ज्या घरांशी दोन महिने दिवसाआड बोलणं झालंय, त्यांना आधी सांगा की आता आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्याने. एकट्या राहणाऱ्यांना शेवटच्या फेरीत पुन्हा तेच विचारा : 'गोळ्या किती उरल्यात?'